पहिल्या अचूक नेमबाजीच्या रायफलसाठी स्कोपचा बेस कोणता घ्यावा?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. बराच काळ मी क्लबच्या रायफलवर सराव केला. आता परवाना हातात आला असून स्वतःची पहिली रायफल घेतली आहे. ती सीझेड ४५७ जातीची, जाड नळीची, .२२ लाँग रायफल काडतुसाची बोल्ट ॲक्शन रायफल आहे. स्कोपही ठरला आहे. त्याची नळी ३० मिमीची, पुढचे भिंग ५० मिमीचे, मोठेपणा ६ ते २४ पट आणि उभे समायोजन एकूण ६० मिनिटांचे (कोनाची मिनिटे, अंशाचे साठावे भाग) आहे. घोडे अडले आहे ते या दोघांना जोडणाऱ्या बेसपाशी.

रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागे बोल्ट सामावणाऱ्या मुख्य भागाच्या, माथ्यावर ११ मिमीची डोव्हटेल (तिरक्या कडांची) खाच आहे. दुकानदार म्हणतो की त्या खाचेवर पिकॅटिनी रेल (ठरलेल्या अंतरावर आडव्या खाचा असलेली पट्टी) बसवा, आणि तीही २० मिनिटांच्या उताराची, म्हणजे मागचे टोक किंचित उंच असलेली, घ्या. क्लबातले एक ज्येष्ठ सांगतात की ५० मीटरवर उताराचे काही काम नाही, स्कोपची नळी धरणाऱ्या, डोव्हटेलवर थेट बसणाऱ्या रिंगा घ्या आणि पैसे वाचवून काडतुसे आणा. तिसरा मित्र पोलादी बेसचा आग्रह धरतो, कारण त्याच्या मते आपल्याकडच्या उन्हात ॲल्युमिनियम टिकत नाही. तिघेही अनुभवी आहेत आणि तिघांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही. मला सध्या ५० मीटरवर बसून आणि पालथे झोपून कागदावर छिद्रांचा लहानात लहान गट पाडायचा आहे, पुढे १०० मीटरची सोय असलेल्या रेंजवर जायचे आहे, आणि हा बेस पुन्हा बदलावा लागू नये असे वाटते.

चर्चा परवानाधारक क्रीडा नेमबाजीपुरतीच राहावी, ही विनंती.

धुळेकर

अभिनंदन, भाऊ. पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. तुम्हाला पुढे ५० मीटर थ्री पोझिशन (तीन पवित्र्यांच्या) किंवा प्रोनच्या (पालथे झोपून नेमबाजीच्या) स्पर्धेत उतरायचे असेल, तर आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलवर दुर्बीण चालत नाही, तिथे छिद्राचे साइट लागते. आपल्या महाराष्ट्राच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो सगळा प्रकार दुर्बिणीविना खेळला जातो. मागचे साइट बहुधा याच ११ मिमी खाचेवर सरकवून बसवतात. म्हणून खाच शाबूत राहील आणि बेस काढता-घालता येईल अशीच जोडणी करा.

तापीकाठ (जळगाव)

धन्यवाद. सध्या उद्देश दुर्बिणीसह अचूकतेचा सराव एवढाच आहे. तरीही खाचेला धक्का लावायचा नाही, हे तुमचे म्हणणे नोंदवून ठेवले.

भुसावळचा फिटर

मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. नेमबाजीबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणणारे इथे आहेत, म्हणून मी फक्त बैठकीबद्दल लिहितो.

बेस निवडताना लोक प्रथम ब्रँड पाहतात आणि रिसीव्हर शेवटी पाहतात. क्रम उलटा हवा. रिसीव्हरवर काय आहे, यावरच निम्मा निर्णय झालेला असतो. काही रायफलींच्या माथ्यावर आट्यांची भोके असतात आणि बेस स्क्रूने पक्का होतो. रेमिंग्टन ७०० च्या माथ्याची घडण इतक्या कारखान्यांनी उचलली आहे की तिच्यासाठी सर्वांत जास्त पर्याय मिळतात, पण तिथेही आखूड आणि लांब ॲक्शनचे बेस वेगळे असतात. तुमच्या रायफलवर खाच आहे, म्हणजे बेस किंवा रिंग दोन्ही बाजूंनी जबड्यासारखी चिमटा घेऊन बसणार. इथे पकड किती चांगली, हे जबड्याचा किती भाग खाचेच्या कडेला खरोखर टेकतो यावर ठरते.

११ मिमी हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. या नावाखाली बाजारात साडेनऊ मिमीपासून १३ मिमीच्या आसपासपर्यंतच्या खाचा फिरतात आणि त्यांच्या कडांचे कोनही एकसारखे नसतात. अमेरिकन बनावटीच्या बऱ्याच .२२ रायफलींवर ३/८ इंचाची, म्हणजे साडेनऊ मिमीची खाच असते. कोन जुळला नाही तर जबडा कडेच्या एका रेघेवरच टेकतो. स्क्रू आवळताना हाताला घट्ट वाटते, पण रिसीव्हरच्या कडेवर ओरखडा उमटतो आणि बेस हळूहळू सरकू लागतो. म्हणून व्हर्निअरने माप घ्या. नंतर जबड्याच्या आतल्या बाजूला मार्करची शाई लावा, बेस हलक्या हाताने बसवून काढा आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहा. पूर्ण लांबीवर पट्टा पुसला गेला असेल तर बैठक बरोबर आहे. फक्त दोन टोकांना ठिपके दिसले तर तो बेस परत करा, किंमत कितीही असो.

आता रिंग की रेल. थेट डोव्हटेलवर बसणाऱ्या रिंगा हलक्या आणि स्वस्त असतात, त्यांनी स्कोप खालीही बसतो, आणि ५० मीटरसाठी त्यांत वावगे काहीच नाही. अडचण अशी की दोन सुट्या रिंगा एका रेषेत येतीलच असे नाही. त्या एकमेकींशी वाकड्या असल्या तर स्कोपची नळी दाबली जाते आणि आतले समायोजन अडखळते. एकसंध रेलवर दोन्ही रिंगांना एकच पृष्ठभाग मिळतो, आणि खाचा ठरलेल्या अंतरावर असल्यामुळे स्कोप काढून पुन्हा त्याच जागी ठेवता येतो.

रेल घेतलीत तर पिकॅटिनीच घ्या, वीव्हर नको. दोन्ही दिसायला सारख्या असतात. पिकॅटिनीचे माप अमेरिकी लष्कराच्या १९९५ च्या मिल-स्टँडर्ड १९१३ मध्ये बांधून दिलेले आहे. आडवी खाच ५.२३ मिमी रुंद आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीचा मध्य १०.०१ मिमीवर. वीव्हरची खाच ४.५७ मिमीची असते आणि खाचांमधले अंतर कारखान्यागणिक बदलते. त्यामुळे वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर सहसा चालतात, पण पिकॅटिनीच्या रिंगांचा आडवा बोल्ट वीव्हरच्या खाचेत शिरत नाही.

नंदुरबारचा छर्रेवाला

फिटर अण्णांशी सहमत आहे. माझ्याकडे ४.५ मिमीची स्प्रिंगची एअर रायफल आहे आणि तिच्यावरून एक गोष्ट सांगतो. लोक समजतात की एअर रायफलला धक्का नसतो, म्हणून कोणताही बेस चालेल. प्रत्यक्षात पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे झटका बसतो. या दुहेरी हिसक्याने डोव्हटेलवरच्या साध्या रिंगा इंचाइंचाने मागे सरकतात. त्यासाठी खाली अडवणारी खुंटी असलेला एकसंध माउंट लागतो आणि ती खुंटी रिसीव्हरवरच्या भोकात बसावी लागते. तुमच्या .२२ ला एवढा त्रास नाही, तरी खुंटीची सोय असलेला बेस मिळाला तर घ्या.

मात्र २० मिनिटांच्या उताराबद्दल माझे मत दुकानदाराच्या विरुद्ध आहे. उतार असतो तो ८००-१००० मीटरवाल्यांसाठी. ५० मीटरच्या माणसाने उतार घेतला की स्कोप मध्यावरून खाली ओढावा लागतो आणि भिंगाचा उत्तम भाग वाया जातो. खान्देशात १००० मीटरची रेंज कुठे आहे?

गणितवाली (अमळनेर)

छर्रेवाले दादा, मोठ्या काडतुसांच्या बाबतीत तुमचे म्हणणे पुष्कळसे बरोबर आहे, परंतु .२२ च्या बाबतीत हिशेब वेगळा निघतो. तो इथे मांडते.

एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेमी भरतो आणि ५० मीटरवर त्याच्या निम्मा. २० मिनिटांचा उतार म्हणजे अंशाचा एक तृतीयांश, म्हणजे १५० मिमी लांबीच्या रेलचे मागचे टोक पुढच्यापेक्षा अवघे ०.८७ मिमी उंच. डोळ्याला तो दिसतही नाही.

साध्या वेगाच्या .२२ काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते आणि ५० मीटर जायला साधारण ०.१६ सेकंद घेते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला जवळजवळ साडेबारा सेमी खाली आणते. शिवाय स्कोपचा अक्ष नळीच्या अक्षापेक्षा साधारण साडेचार सेमी वर असतो. म्हणजे ५० मीटरवर झीरो करताना (गोळी नेमक्या नेमाच्या जागी लागेल असा स्कोप जुळवताना) नळी आणि दृष्टिरेषा यांच्यात १७ सेमीचा फरक भरून काढायचा असतो आणि तो होतो जवळजवळ १२ मिनिटांचा. सपाट बेस असेल तर हे १२ मिनिट स्कोपच्या पोटातूनच जातात. तापीकाठ यांच्या स्कोपला मध्यापासून वर ३० मिनिट मिळतात, त्यांतले १२ पहिल्याच दिवशी संपले, उरले १८.

१०० मीटरवर गोळी ५५ सेमीच्या आसपास उतरते आणि एकूण मागणी २० मिनिटांवर जाते. म्हणजे २० मिनिटांच्या बेसवर १०० मीटरचा झीरो स्कोपच्या जवळजवळ बरोबर मध्यावर येतो, आणि ५० मीटरचा झीरो मध्यापासून फक्त ८ मिनिट खाली. उलट सपाट बेसवर ५० मीटरलाच स्कोप १२ मिनिट बाजूला जातो. भिंगाच्या मध्याची काळजी असेल तर या काडतुसासाठी उतारच त्या मध्याच्या अधिक जवळ नेतो. संथ गोळी फार लवकर खाली येते, म्हणून .२२ ला जवळच्या अंतरावरही उताराचा उपयोग होतो. ८०० मीटर प्रति सेकंद वेगाच्या .३०८ साठी हीच मागणी १०० मीटरला साडेचार मिनिटांहून कमी असते, आणि तिथे तुमचा नियम लागू पडेल.

तुमच्या एअर रायफलचाही हिशेब करून पाहिला. २४० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटलेला छर्रा १० मीटरमध्ये जेमतेम एक सेमी खाली येतो, पण स्कोपची साडेचार सेमी उंची मात्र तशीच राहते. दोन्ही मिळून १८ मिनिटांची मागणी होते. जवळच्या अंतरावर समायोजन खाणारी गोष्ट म्हणजे उंची.

नंदुरबारचा छर्रेवाला

ताई, आकडे पटले. मग ३० किंवा ४० मिनिटांची रेल घेतली तर आणखी चांगले, असे म्हणायचे का?

गणितवाली (अमळनेर)

नाही. ६० मिनिटांच्या स्कोपला मध्यापासून खालीही ३० च मिनिट आहेत. ४० मिनिटांच्या रेलवर ५० मीटरचा झीरो मध्यापासून २८ मिनिट खाली जाईल, म्हणजे टोकाला दोन मिनिट शिल्लक राहतील. रिसीव्हर किंवा रिंगांत थोडासाही फरक निघाला तर झीरो होणारच नाही. स्कोपचे एकूण समायोजन ४० मिनिटांचेच असेल तर ३० मिनिटांची रेलही याच कारणाने धोक्याची. ३० ची रेल तापीकाठ यांच्या स्कोपवर चालेल, पण ती घेण्याचे कारण २०० मीटरच्या पुढची हौस हेच असू शकते. २०० मीटरसाठी ५० च्या झीरोवरून आणखी सुमारे ३० मिनिट वर जावे लागते, आणि २० च्या रेलवर ३८ शिल्लक असतात. तेवढे पुरेसे आहे.

धुळेकर

ताईंच्या हिशेबानंतर उताराबद्दल बोलायला काही उरले नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियमबद्दल कोणी लिहावे. मे महिन्यात सकाळी ९ नंतर आमच्याकडे रेंजवर रायफलला हात लावता येत नाही.

भुसावळचा फिटर

.२२ च्या धक्क्याला पोलादी बेसची गरज नाही. चांगला बेस ७०७५-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमचा असतो. त्याची ताणसहनशक्ती ६०६१-टी६ च्या जवळजवळ पावणेदोन पट आहे. ६०६१ सुद्धा या रायफलला मोडणार नाही, पण त्याच्या खाचांच्या कडा आणि आटे लवकर झिजतात.

उन्हाचे म्हणाल तर आकड्यात पाहू. पौषातल्या पहाटे १५ अंशांवर असलेली रायफल मेमध्ये उन्हात ठेवली तर धातू ६० अंशांपर्यंत सहज तापतो. या ४५ अंशांच्या फरकात १५० मिमीची ॲल्युमिनियमची रेल सुमारे ०.१५ मिमी वाढते आणि तेवढ्याच लांबीचे पोलाद ०.०८ मिमी. फरक ०.०७ मिमीचा, तोही लांबीच्या दिशेने. नेमाची दिशा त्याने बदलत नाही. आणि स्कोपची नळीही ॲल्युमिनियमचीच असते, म्हणजे रेल आणि स्कोप बरोबरीने वाढतात. उन्हाळ्यात झीरो हलला असे जे आपल्याला वाटते त्यात काडतूस तापून गोळीचा वेग बदलण्याचा वाटा बेसपेक्षा मोठा असतो, आणि तापलेल्या जमिनीवरून लवलवणाऱ्या हवेत निशाण जागेवर दिसत नाही, हे वेगळेच. आपल्याकडच्या उन्हाने ॲल्युमिनियम टिकत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. बेस बिघडतो तो आवळण्याच्या चुकीने.

ते आवळणे असे करावे. खाच आणि जबडे दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढावा. बेस पुढे-मागे सरकवून जागेवर आणावा, पुढच्या दिशेने दाबून धरावा आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. चौकट तिरकी बसली की दार कितीही रंधून काही होत नाही, तसे पहिला स्क्रू एकदम पूर्ण आवळला की बेस तिरका बसतो आणि नंतर रिंगांनी तो सरळ होत नाही. टॉर्क रेंच घ्याच. रिंगांच्या वरच्या झाकणाचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, याच्या पुढे नेऊ नयेत, नाहीतर नळीवर वळ उठतात. बेसच्या जबड्यांचा आकडा कारखान्याच्या कागदावर असतो आणि तोच पाळावा, कारण लहान स्क्रू आणि जाड आडवा बोल्ट यांच्या टॉर्कमध्ये तिप्पट-चौपट फरक असू शकतो. निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचे द्रव) बेसच्या स्क्रूंना एक थेंब चालते, पण ते पूर्ण धरायला २४ तास द्यावेत. रिंगांच्या झाकणांना ते लावू नये, कारण ओले असताना ते वंगणासारखे वागते आणि त्याच टॉर्कला पकड जास्त बसते. लाल थ्रेडलॉकर घरात ठेवूसुद्धा नका.

शेवटी रेल आणि रिसीव्हर यांच्या सांध्यावर नखपॉलिशची बारीक रेघ ओढा. सुरत-नागपूर महामार्गावरून गाडीच्या डिकीत रायफल नेलीत की रेंजवर पोचल्यावर आधी ती रेघ पाहायची. रेघ तुटली नसेल आणि तरी गट सरकला असेल, तर दोष बेसमध्ये शोधू नये.

तापीकाठ (जळगाव)

फारच उपयुक्त माहिती. एक विचार मनात आला आहे. इथल्या एमआयडीसीत ओळखीच्या कारखान्यात व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातू कापण्याचे) मशीन आहे. बाहेरून येणारी रेल महाग पडते आणि वेळही लागतो. ७०७५ चा ठोकळा आणून तिथे रेल कापून घेतली तर?

धुळेकर

रेल कापून घेण्यापर्यंत ठीक, पण कोणी "रिसीव्हरला दोन भोके पाडून पक्के करून देतो" म्हणाले तर तिथून निघून या. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार हे त्या कामाचा वेगळा परवाना असलेल्याचेच काम आहे. शिवाय कारखान्यात रायफल मापासाठी सोडून येणेही योग्य नाही. माप तुम्ही स्वतः घ्या आणि फक्त मापे घेऊन जा.

भुसावळचा फिटर

धुळेकरांच्या म्हणण्यात माझी भर. वरच्या खाचा कापणे सोपे आहे, कठीण आहे ते खालचा जबडा. उतारात ५ शतांश मिमीची चूक झाली तर १५० मिमीवर सव्वा मिनिटापेक्षा कमी फरक पडतो आणि तो झीरो करताना निघून जातो. पण रेल पिळली गेली, म्हणजे एका टोकाचा माथा दुसऱ्याच्या तुलनेत कुशीवर कलला, तर तो दोष झीरोने जात नाही. ठोकळा पकडीतून सोडल्यावर अंतर्गत ताणामुळे असा पीळ येऊ शकतो, म्हणून शेवटचा हलका कट हलक्या पकडीत घ्यावा लागतो. हे समजणारा कारागीर असेल तर कापून घ्या. नसेल तर तयार रेलचे जास्तीचे पैसे याच कामाचे आहेत असे समजा.

रावेरकर

उशिरा आलो. कोणी रिंगांच्या उंचीबद्दल लिहिलेले दिसले नाही. ५० मिमी भिंगाच्या स्कोपचे बाहेरचे कवच ५७-५८ मिमीचे असते, म्हणजे अक्षापासून २९ मिमी खाली. झाकणासाठी वर २-३ मिमी धरा. रेलमुळे उंची आधीच वाढते, तेव्हा रेलबरोबर बुटक्या किंवा मध्यम रिंगा लागतात आणि थेट डोव्हटेलवर उंच. जाड नळीवर भिंग टेकणार नाही एवढीच उंची घ्या, कारण त्यापुढे गाल दस्त्यावर टेकत नाही आणि मान ताणून बघावे लागते. रेल पूर्ण लांबीची असेल तर काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीवरून ती जाते. एकेक काडतूस हाताने भरायची सवय असल्यास बोटे आत जातात का, हेही पाहा. मॅगझिन वापरणाऱ्याला हा प्रश्न येत नाही.

तापीकाठ (जळगाव)

सर्वांचे आभार. ७०७५ ची, २० मिनिटांची, अडवणारी खुंटी असलेली तयार रेल मागवत आहे आणि तिच्याबरोबर ३० मिमीच्या मध्यम रिंगा. मी मॅगझिनच वापरतो, त्यामुळे खिडकीची अडचण नाही. एकच शंका उरली. झीरो करण्याआधी स्कोपचे बुरूज, म्हणजे समायोजनाच्या फिरत्या चकत्या, मध्यावर आणून ठेवावेत का?

गणितवाली (अमळनेर)

हो. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत क्लिक मोजा आणि निम्मे परत या. मग पहिले गट २५ मीटरवर पाडा. मध्यापासून मोजता तुमच्या बेसवर २५ मीटरला खालच्या दिशेने सुमारे १० मिनिटांचे समायोजन लागायला हवे. त्याऐवजी वरच्या दिशेने तीसच्या आसपास मिनिट लागू लागले तर रेल उलटी बसली आहे का ते आधी तपासा. जाड टोक मागे, म्हणजे डोळ्याकडे हवे.